पाण्याचें कूळ

रोह्याजवळून कुंडलिका वाहते. तिच्या ओंजळभर पाण्यास त्याचें कूळ विचारिलें, तर तें काय सांगेल? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु आपल्या जिल्ह्यांत पाण्यावरूनच माणसांचें कूळ मोजण्यांत आलें आहे. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस हजारों माणसांसह तेथें जावें लागलें, आणि मागाहून तें तळें “शुद्ध” करून घेणारेही निघाले. ह्यास्तव ही चौकशी अगत्याची आहे.

पाणी हें हायड्रोजन व ऑक्सिजन ह्या दोन मूलद्रव्यांचें बनलेलें आहे. हायड्रोजन विश्वाच्या आरंभींचा, म्हणजे सुमारें १३८० कोटी वर्षांपूर्वींचा होय. ऑक्सिजन मात्र पुढें प्रचंड ताऱ्यांच्या पोटांत तयार झाला. असे तारे अखेरीस फुटतात, त्यांचें द्रव्य आकाशांत विखुरतें, आणि तशाच मेघांतून सुमारें ४६० कोटी वर्षांपूर्वीं आपला सूर्य व त्याभोवतीं ही पृथ्वी झाली. कोयत्याचें लोखंड व रक्तांतील लोह हींही ताऱ्यांतूनच आलीं. ह्या घडणीची संगतवार मांडणी १९५७ सालीं फ्रेड हॉयल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केली. कोल्हापुरांत जन्मलेले जयंत नारळीकर हे ह्याच हॉयल यांचे शिष्य.

कोणी म्हणेल, ताऱ्यांत काय आहे हें पाहावयास कोण गेला होता? ह्याचें उत्तर पेणच्या खारेपाटांतील मिठाची चिमूट देते. मीठ चुलींत टाकिलें असतां ज्वाला पिवळी होते. प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशांत अशी आपली खूण ठेवितें, व लोलकांतून ती रेघांच्या रूपानें वाचतां येते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणांत गुंटूर इत्यादि ठिकाणीं सूर्याच्या कडेस एक पिवळी रेघ दिसली. ती मिठांतील सोडियमची नव्हती. तीवरून हेलियम ओळखला गेला. पृथ्वीवर तो १८९५ सालीं रॅम्झे यांस सांपडला.

आतां विचार करा. मनुष्यदेहाचें सुमारें दोन-तृतीयांश वजन एकट्या ऑक्सिजनचें भरतें. आपल्या देहांतला ऑक्सिजन कोणत्या ताऱ्यांतून आला, हें ब्राह्मणास सांगतां येणार नाहीं, आणि कातकऱ्यासही नाहीं. मग स्पर्शानें बाटतें तें काय?

तथापि एवढ्यावर थांबूं नये. दगडही त्याच धुळीचा आहे. तेव्हां केवळ द्रव्य एक असल्यानें मनुष्यास मोल येत नाहीं. शास्त्र जन्माभिमानाचा पाया उखडून टाकितें. परंतु त्या मोकळ्या जागीं काय बांधावें, हें तें सांगत नाहीं. शेजाऱ्यावर प्रीति करावी, हें तारे शिकवीत नाहींत. मनुष्य मातीचा घडला, हें आपण ऐकत आलों आहों. ती माती ताऱ्यांची होती, हें कळल्यानें त्या शिक्षणास बाध येत नाहीं. उलट सर्वांची माती एकच, हा त्यांतील अर्थ अधिक स्पष्ट होतो.

म्हणून, बंधुभगिनींनो, मुलांस तारे अवश्य शिकवा. परंतु दारीं आलेल्या तान्हेल्यास पाण्याचा तांब्या देतांना आपला हात आखडतो काय, हें त्याआधीं पाहा; कारण मुलें तेंही शिकत असतात.