जुलै १९०८ : पुढचं ठाऊक नसताना

आज एका महिन्याजवळ बसू या. जुलै १९०८. घाई कसलीच नाही. त्या महिन्याचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे; ते थोडा वेळ उशाशी ठेवू आणि तेव्हाच्या माणसांना जेवढं दिसत होतं तेवढंच पाहू. हे वाटतं तितकं सोपं नाही. मन पुढे धावतं, शेवट सांगून मोकळं होतं. ते धावलं की त्याचा हात धरून त्याला परत आणायचं, एवढंच आपलं काम.

आधी उजेड पाहू. महिना लागला तेव्हा लंडनमध्ये रात्र नीट काळी होत नव्हती. उत्तरेचं आकाश मध्यरात्रीही उजळलेलं. लोक घराबाहेर येऊन वर पाहत होते. आपण मध्यरात्री उघड्यावर वाचू शकलो, असं वर्तमानपत्रांना पत्र लिहून कळवत होते. बर्लिनमध्येही तेच.

मन धावलंच. ३० जूनच्या सकाळी सायबेरियात तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर आकाशातून आलेली एक प्रचंड वस्तू हवेतच फुटली होती आणि दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक जंगल आडवं झालं होतं. पण तिथे पहिली शास्त्रीय मोहीम पोचली ती १९२७ मध्ये. तोवर एकोणीस वर्षं गेली. म्हणून ही माहिती पुन्हा उशाशी ठेवा आणि लंडनच्या त्या गल्लीत उभे राहा. हातातला कागद वाचता येतोय. उजेड आलाय, त्याचं कारण आलेलं नाही. त्या उजेडात थोडं थांबा.

आता हॉलंडमधलं लायडन. तारीख १० जुलै. हाइके कामर्लिंग ओनेस यांची प्रयोगशाळा पहाटेपासून जागी आहे. हेलियम वायूचा द्रव करायचा आहे. जगात तो तोवर कुणाला जमलेला नाही. दिवसभर पंप चालले, संध्याकाळ झाली, तरी काचेच्या भांड्यात काहीच दिसेना. तेव्हा एका सहकाऱ्याने सुचवलं, भांड्यावर खालून उजेड टाकून पाहा. टाकला, आणि द्रवाची कड सुरीच्या धारेसारखी उमटली. द्रव आधीपासूनच तिथे होता. जेमतेम ६० घनसेंटिमीटर, उणे २६९ अंशांवर, इतका नितळ की डोळ्यांना रिकामंच भांडं दिसावं. ही गोष्ट मी कितीदा मनात आणली असेल! समोर असलेलं दिसत नसतं, आणि न दिसण्यात कुणाची चूकही नसते.

यानंतर मुंबई. इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे.

१३ जुलैला उच्च न्यायालयात टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला उभा राहिला. आरोप ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या ‘केसरी’तल्या अग्रलेखांवरून. बचाव त्यांनी स्वतः केला आणि सगळं मिळून एकवीस तासांहून अधिक वेळ ते बोलले. त्या एकवीस तासांतला एक धागा हळूच हातात घ्या : भाषांतराचा. लेख मराठी, न्यायालयापुढे इंग्रजी तर्जुमा. ज्युरीला मराठी येत नाही, ही टिळकांची सुरुवातीपासूनची हरकत होती आणि ती मान्य झाली नव्हती. मग एकेक शब्द उचलून, मुळात त्याचा अर्थ काय आणि इंग्रजीत त्याचं काय झालं, हे समजावत हा माणूस दिवसेंदिवस उभा. आपली भाषा न येणाऱ्यांना तिची छटा पटवून द्यायची, तीही तिच्यावर आपली सुटका अवलंबून असताना. तुमच्या घरातला एखादा शब्द आठवून पाहा, परक्याला सांगताच ज्याचा जीव जातो. तो जिभेवर ठेवून क्षणभर गप्प बसा.

२२ जुलै. आषाढाचा वद्य पक्ष. रात्री नऊ वाजून गेल्यावर ज्युरी परत आली. नऊ जणांत सात युरोपियन, दोन पारशी. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली. दुसऱ्या दिवशी टिळकांना ५२ वर्षं पूर्ण होणार होती.

मंडाले, ‘गीतारहस्य’, १९१४ ची सुटका, सगळं आपल्या ओठांवर येऊन थांबलंय. ते येऊ देऊ नका. त्या रात्री मंडाले ठरलेलंही नव्हतं. त्यांना रातोरात साबरमतीच्या तुरुंगाकडे नेलं. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई १९१२ मध्ये गेल्या, पती कारागृहात असतानाच. पण या जुलैत त्यांच्यापुढे सहा वर्षं होती आणि वाट पाहायची होती, इतकंच. मला या इतक्याशा जागेत फार वेळ बसावंसं वाटतं. इतिहास वाचताना आपण त्यांचं वाट पाहणं त्यांच्या हातातून काढून घेतो.

आणि २४ जुलै. या तारखेला एकाच सूर्याखाली तीन ठिकाणी पाहू या.

इस्तंबूलमध्ये सुलतान अब्दुल हमीद यांनी तीस वर्षं गुंडाळून ठेवलेली राज्यघटना परत दिल्याची बातमी आली आहे. त्यांच्याच साम्राज्यातल्या सलोनिकाच्या रस्त्यांवर तुर्क, ग्रीक, आर्मेनियन, ज्यू एकमेकांना मिठ्या मारताहेत. १९१५ मध्ये याच साम्राज्यात आर्मेनियनांचा संहार झाला ते आपल्याला ठाऊक आहे, आणि म्हणून ही मिठी पाहणं अवघड जातं. तरी पाहा. ती खोटी नव्हती.

लंडनमध्ये ऑलिंपिकची मॅरेथॉन आहे. इटलीचा दोरांदो पिएत्री मैदानात सर्वांत आधी शिरला आणि वाट चुकला, पडला, उठला, पुन्हा पडला. लोकांनी हात देऊन त्याला अंतिम रेषेपार नेलं, आणि त्याच हातांमुळे तो बाद ठरला.

मुंबईत गिरणगाव गप्प आहे. शिक्षा ऐकल्यावर गिरण्या एकामागून एक थांबल्या. बाजार बंद. रस्त्यांवर लष्कर उतरलं, गोळीबार झाला, कामगार मारले गेले. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप, असा तो हिशेब आजही सांगतात. यातल्या कितींना ‘केसरी’ वाचता येत असेल? वाचून दाखवणारा चाळीत एक असला तरी पुरे. कोकणातून, घाटावरून पोटासाठी आलेली ही माणसं. एक खाडा पडला तर वाण्याच्या वहीत एक ओळ वाढते. त्यांनी असे सहा खाडे घेतले.

त्या सहा दिवसांतल्या एखाद्या खोलीत मनाने जा. बाहेर आषाढाचा पाऊस, आत दहा-बारा माणसं. एरवी पाळीपाळीने झोपणारी, आज एकाच वेळी जागी, म्हणून बसायलाही जागा नाही. भोंगा होत नाही. भोंग्याशिवाय किती वाजले ते कळत नाही. कुणीतरी भिंतीला टेकून पावसाचा आवाज ऐकतंय. परळला आल्यापासून हा आवाज त्याला असा सलग ऐकूच आला नव्हता.

मग सातवा दिवस उजाडतो. अंधारातच भोंगा होतो. तो उठतो, तोंडावर पाणी मारतो, भिजत गिरणीत जातो, मागापाशी उभा राहतो आणि धोटा हातात घेतो. सहा दिवस पडून राहिलेलं लाकूड त्या पावसात गार लागतं.