जेवताना काय विचारावे?

गेल्या वर्षी आम्ही उभयता मुलाकडे मेलबर्नला तीन महिने राहून आलो. तेथे एका रविवारी आमच्या हातून एक चूक घडली. कोणी रागावले नाही, पण ती गोष्ट अजून मनातून जात नाही, म्हणून येथे लिहीत आहोत.

मिस्सा आटोपल्यावर सूनबाई म्हणाली, "आज स्वयंपाक नको, स्प्रिंगव्हेलला जाऊ." स्प्रिंगव्हेल हे मेलबर्नच्या आग्नेयेचे उपनगर. १९७० साली तेथे 'एंटरप्राइज' नावाचे स्थलांतरितांचे वसतिगृह सुरू झाले आणि १९९२ साली बंद झाले. व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस सोडून आलेली कितीतरी कुटुंबे प्रथम तेथे उतरली आणि पुढे त्याच परिसरात स्थिरावली. आज त्या रस्त्यांवरून चालताना आपण ऑस्ट्रेलियात आहोत हे विसरायला होते. मासळी, आंबे, हिरव्या भाज्यांच्या जुड्या आणि भाव करणाऱ्या बायका! आम्हांला तर थेट आपल्या बाजाराची आठवण झाली.

हॉटेल अगदी साधे होते. स्टीलची टेबले, डब्यात काड्या आणि चमचे, भिंतीवर पदार्थांचे फोटो, वर व्हिएतनामी आणि कंबोडियन अशी दोन्ही नावे. मुलाने 'फो' मागवला. हाडे तासन्‌तास मंद आचेवर उकळून, त्यात भाजलेला कांदा, आले, दालचिनी, चक्रीफूल घालून केलेले सूप, खाली तांदळाच्या शेवया, वर मांसाचे पातळ काप. सोबत ताटलीत मोड, लिंबू, मिरची आणि तुळशीच्या जातीचा वासाचा पाला. ज्याने त्याने आपल्याला हवे तसे घालून घ्यायचे. आम्ही 'हू तिऊ नाम वांग' घेतले. त्यात डुकराचे मांस, कोळंबी आणि तळलेला लसूण असतो. खारटपणाला मिठाबरोबर माशाचे पाणी, म्हणजे मांदेलीसारखे लहान मासे महिनोन्महिने मिठात मुरवून काढलेला रस. नुसते ऐकून नाक मुरडू नये. आपल्याकडे सुक्या मासळीवर जेवणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

वाडगे आणून देणारी बाई पासष्टीची असेल. हसतमुख, चटपटीत. आम्ही कौतुक केले तेव्हा ती थांबली. कंबोडियाची असल्याचे तिने सांगितले. आणि मग आम्ही विचारले, "म्हणजे पोल पॉटच्या वेळी तुम्ही तेथेच होता? घरचे कोणी गेले का?" दोघांपैकी कोणी विचारले ते सांगत नाही, कारण प्रश्न दोघांच्याही ओठांवर होता.

ती म्हणाली, "मी १९८३ला इथे आले. खा, गार होईल." आणि आत गेली. मुलगा खाली मान घालून शेवया उचलू लागला. थोड्या वेळाने तिची मुलगी टेबलाशी आली आणि सौम्यपणे म्हणाली, "आई त्याबद्दल बोलत नाही. आणखी सूप आणू का?" सूप मात्र आईच घेऊन आली. त्याचे पैसेही तिने लावले नाहीत.

आमचा हेतू वाईट नव्हता, असे आम्ही घरी येताना एकमेकांना सांगत होतो. आस्था होती. पण ती आस्था होती की कुतूहल? खरी आस्था असती तर आम्ही आधी थोडे वाचून गेलो असतो. वाचले ते नंतर. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने नोम पेन्ह घेतले आणि सारे शहर रिकामे करून माणसांना शेतांवर हाकलले. ७ जानेवारी १९७९पर्यंत सुमारे पंधरा ते वीस लाख माणसे भुकेने, आजाराने, अतिश्रमाने आणि हत्याकांडात गेली. तेथील कॅथेड्रल पाडून टाकले गेले. पहिले कंबोडियन बिशप जोसेफ छमार सालास १९७७ साली उपासमारीने व श्रमाने मरण पावले. त्या राजवटीत घरी चूल पेटवायला मनाई होती. भांडी काढून घेतली होती. सगळ्यांनी सामुदायिक भोजनगृहात पातळ पेज प्यायची. ज्या बाईला आम्ही 'घरचे कोणी गेले का' असे सूप ढवळता ढवळता विचारले, तिच्या लेखी स्वतःच्या चुलीवर चढलेले पातेले म्हणजे काय असेल, हे आमच्या लक्षातही आले नव्हते.

विचारण्याची गरजही नव्हती. अर्धा इतिहास त्या वाडग्यातच होता. 'नाम वांग' हे नोम पेन्हचे व्हिएतनामी नाव. पदार्थ मुळात दक्षिण चीनमधून आलेल्या लोकांचा, कंबोडियात तो 'कुय तिएव' झाला, आणि सायगावला पोचताना नोम पेन्हचे नाव बरोबर घेऊन गेला. फो उत्तर व्हिएतनामचा. १९५४ साली देश दुभंगला तेव्हा उत्तरेतून आठ लाखांवर लोक दक्षिणेला गेले, त्यांत बहुसंख्य आपले कॅथोलिक बंधुभगिनी होते. त्यानंतरच फो दक्षिणेत सर्वत्र रुजला. आणि दोन्ही देशांची नावे एका पाटीवर पाहून आम्हांला वाटले होते की हे शेजारी गुण्यागोविंदाने राहत असतील. १९७० साली कंबोडियात व्हिएतनामी वंशाच्या हजारो लोकांची कत्तल झाली, त्यांतही पुष्कळ कॅथोलिक होते. ती पाटीही वाटते तितकी साधी नव्हती.

वाचक म्हणतील, मग कोणी काही विचारूच नये का? अशाने अन्याय विसरला जाईल. हा आक्षेप खरा आहे. कंबोडियात २००६ ते २०२२ या काळात खास न्यायालय चालले. तेथे साक्षीदारांनी उभे राहून सारे सांगितले, म्हणूनच काही जणांना शिक्षा झाली. ऑस्ट्रेलियातील बिशप व्हिन्सेंट लाँग १९८०मध्ये तरुण वयात बोटीतून व्हिएतनाम सोडून निघाले होते, आणि ते आपली कहाणी स्वतः सांगतात. पण ते सांगणे त्यांचे आहे. वेळ आणि जागा त्यांनी निवडली. आमच्या बाईंची वेळ आम्ही निवडली होती, तीही दोन घासांच्या मध्ये.

आपल्याकडेही हे चालतेच. मयताच्या घरी जाणारा प्रत्येक जण त्या विधवेला विचारतो, "कसं झालं?" आणि ती बिचारी दिवसभरात चाळीस वेळा तेच सांगते. कोणाला त्यात काही गैर वाटत नाही. आम्हीही विचारत आलो आहोत.

योहानच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात तिबेर्य सरोवराच्या काठी प्रभू येशू शिष्यांसाठी निखाऱ्यांवर मासे भाजतो आणि त्यांना न्याहारीला बोलावतो. तो कोण हे विचारायला एकही शिष्य धजत नाही. त्यांना ते ठाऊक असते. त्याहून आम्हांला आता नवल वाटते ते पुढच्या भागाचे. प्रभू पेत्राला प्रश्न विचारतो, तोही तीनदा, पण जेवण झाल्यावर. आणि विचारतो ते प्रेमाबद्दल. त्या रात्री विस्तवाजवळ काय झाले, कोंबडा आरवला तेव्हा काय वाटले, यातले काहीही तो विचारत नाही. विचारण्याचा हक्क असलेला तो एकटाच होता.

परतण्याआधी आम्ही पुन्हा त्या हॉटेलात गेलो. माफी मागावी असे ठरवले होते, पण ती मागणेही तिला पुन्हा त्याच जागी ओढून नेणे झाले असते, म्हणून राहिलो. लसूण इतका कुरकुरीत कसा राहतो, एवढेच विचारले. तिने हाताने मंद आचेची खूण केली, तेल गरम व्हायच्या आत लसूण टाकायचा आणि रंग यायच्या आधी काढायचा, असे समजावले. मग तिने विचारले, "तुम्ही भारतात कुठले?" आम्ही म्हणालो, "मुंबई." वसई, आमचे गाव, विकलेली वाडी, हे सारे सांगत बसलो असतो तर वेळ लागला असता. तिने मान हलवली आणि आमच्या वाडग्यांवर लसणाचा आणखी एक चमचा घातला.