मुक्या जिवाची संमति

रामानुजांच्या अनुयायांत मोक्षाविषयीं ज्या दोन शाखा पडल्या, त्यांचीं मतें वानराच्या आणि मांजराच्या पिलाच्या दृष्टान्तांनीं सांगण्याची चाल आहे. वानराचें पिलूं आईला स्वतः घट्ट धरून असतें. मांजराचें पिलूं कांहींच धरीत नाहीं, आई मानेला धरून नेईल तिकडे अंग सैल सोडून जातें. शरणागतीला याहून चांगला दृष्टान्त सांपडणें कठीण. परंतु तेंच पिलूं मोठें झालें, आणि त्याला कुटुंबाबरोबर मुंबईहून लंडनला विमानानें न्यावयाचें ठरलें, म्हणजे हा मार्जारकिशोरन्याय लंगडा पडतो. भित्रें मांजर पेटी पाहतांच पलंगाखालीं दडतें. आपली संमति नाहीं हें त्यानें आपल्या परीनें स्पष्ट सांगितलेलें असतें.

मग पुष्कळांना गुंगीचें औषध सुचतें. प्रवासी विमानांतील हवेचा दाब सुमारें ६,००० ते ८,००० फूट उंचीवरील दाबाइतका असतो. गुंगींतल्या प्राण्याचें श्वसन व रक्ताभिसरण तेथें बिघडूं शकतें, म्हणून अमेरिकेंतील पशुवैद्यांची संघटना प्रवासांत अशी गुंगी सहसा देऊं नये असें सांगते. शिवाय ब्रिटनमध्यें विमानानें यावयाचें पाळीव मांजर मालाच्या कक्षांतूनच आणावें लागतें. तेथें मालक शेजारीं नसतो. पण वैद्यकापेक्षां मला यांतला नीतीचा प्रश्न मोठा वाटतो. ॲसेप्रोमॅझीनसारखें जुनें औषध हालचाल मंद करतें. भीति मात्र आंत तशीच राहूं शकते. मांजर ओरडत नाहीं, एवढ्यानें सुटका होते ती आपली. आईच्या तोंडांतलें सैल अंग आणि गुंगींतलें सैल अंग हीं दिसण्यांत सारखीं, म्हणून एकच मानावयाचीं काय? (सर्वच औषधें अशीं नव्हेत. गॅबापेंटिननें भीति खरोखर कमी होते असें पशुवैद्य सांगतात. पण त्याचीही मात्रा त्यांच्या सल्ल्यानें आधीं घरीं देऊन पाहावी लागते.)

दुसरी वाट लांबची आहे. कित्येक आठवडे आधींपासून पेटी दिवाणखान्यांत उघडी ठेवावयाची. तींत त्याच्याच वासाचें जुनें कापड घालावयाचें. जेवण प्रथम दाराशीं, मग आंत. पुढें एखादे दिवशीं क्षणभर दार लावून लगेच उघडावयाचें. उभें राहतां, वळतां आणि सुखानें निजतां येईल एवढी पेटी हवी, हा तर विमानवाहतुकीचा आंतरराष्ट्रीय नियमच आहे.

कोणी म्हणेल, हें गोड आमिषाचें कपटच कीं! आक्षेप पोकळ नाहीं. सापळ्यांतही खाऊच ठेवतात. फरक पडतो तो मालकाच्या पुढील वागण्यानें. पेटींत वाईट कांहीं घडत नाहीं, हें त्यानें मुक्या जिवाला रोज दिलेलें वचन असतें, आणि विमानाच्या घरघराटांत तें थोडें मोडतेंच. कोणताही सराव तें पुरतें राखूं शकत नाहीं. म्हणून वचन कशासाठीं मोडतों हें ज्याचें त्यानें पाहावें. बिऱ्हाडच कायमचें हलत असेल, तर मांजराला मागें टाकणें हीच मोठी क्रूरता. पंधरा दिवसांच्या सहलीसाठीं मात्र त्याला आकाशांत नेणें मला समर्थनीय वाटत नाहीं. किल्ली शेजाऱ्यांच्या हातीं द्यावी आणि मांजराला त्याच्या खिडकींत राहूं द्यावें.

नव्या घरीं पोहोंचल्यावर पेटी एका शांत खोलींत ठेवून दार उघडावें आणि दूर बसावें. हात घालून त्याला बाहेर ओढूं नये. तें बहुधा रात्रीं, दिवे मालवल्यावर बाहेर येतें.