साम्राज्याची प्रार्थना

वसईतल्या आमच्या बायबलवर्गात प्रकटीकरणाचा अठरावा अध्याय निघाला की कुणीतरी विचारतंच, "टीचर, ही मोठी बाबेल म्हणजे आजची अमेरिका का हो?"

प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाच्या डोळ्यांपुढे रोम होतं, यावर बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे. सात डोंगरांवर बसलेली नगरी, तिच्या नाशावर रडणारे व्यापारी आणि त्यांच्या मालाची लांबलचक यादी: सोनं, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, गहू, घोडे, आणि अगदी शेवटी माणसं. ही यादी वाचताना दरवेळी माझा आवाज अडखळतो.

अमेरिकेनं रोमशी नातं लपवलेलं नाही. सिनेट तिथलं, कॅपिटॉल हे नाव तिथल्या टेकडीचं, १७८२च्या राजमुद्रेवरचं नव्या युगाचं लॅटिन वचनही व्हर्जिलवर बेतलेलं. त्यामुळे तुलना होते, पण ती एकाच प्रश्नावर अडते: रोम पडलं, मग ही कधी पडणार? कर्ज, सैन्य, सीमा यांचे हिशेब अर्थतज्ज्ञांनी खुशाल मांडावेत. श्रद्धावंत म्हणून मला वेगळंच विचारायचं आहे. महासत्ता देवापुढे उभी राहते तेव्हा मागते काय?

कॉन्स्टंटाइनच्या काळात बिशप युसेबियसनं सम्राटाच्या राज्यात स्वर्गराज्याचं प्रतिबिंब पाहिलं. ख्रिस्ती लोकांचा छळ त्यानं स्वतः पाहिला होता, म्हणून त्याची कृतज्ञता मी समजू शकते. पण देव आणि साम्राज्य यांची अशी गाठ मारली की साम्राज्य हादरताच श्रद्धाही हादरते. ४१० साली अलारिकच्या गॉथांनी रोम तीन दिवस लुटलं. जुने देव सोडल्याचं हे फळ, असं मूर्तिपूजक म्हणू लागले आणि ख्रिस्ती निरुत्तर झाले. उत्तर आलं उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोहून. संत ऑगस्टीननं ४१३च्या सुमारास 'देवाचं नगर' लिहायला घेतलं आणि बाविसावा खंड ४२६च्या सुमारास संपवला. रोमला त्यानं पवित्रही ठरवलं नाही, सैतानाचंही म्हटलं नाही. रोमची शांतता श्रद्धावंतांच्याही उपयोगी पडते, हे मान्य करून त्यानं कसोटी लावली ती न्यायाची. न्याय नसेल तर राज्य म्हणजे मोठी दरोडेखोरी, इतकं स्पष्ट.

देव साम्राज्याशी बांधलेला नसतो, हे आम्हा वसईकरांना जगून कळलेलं आहे. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीजांची सत्ता गेली. किल्ल्यातली चर्चेस ओस पडली, गावांतली प्रार्थना चालू राहिली. देव काही पोर्तुगीजांच्या गलबतात बसून निघून गेला नाही.

म्हणूनच एक प्रार्थना मला फार छळते. ९ ऑगस्ट १९४५ला नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. त्याच तारखेच्या रात्री राष्ट्राध्यक्ष ट्रूमन रेडिओवर बोलले. हे अस्त्र शत्रूऐवजी आपल्या हाती आलं म्हणून त्यांनी देवाचे आभार मानले आणि ते त्याच्याच हेतूंसाठी वापरण्यास त्यानं मार्ग दाखवावा, अशी प्रार्थना केली. बॉम्ब फुटला तो उराकामी या कॅथलिक वस्तीवर. तिथल्या कॅथेड्रलमध्ये १५ ऑगस्टच्या सणाआधी पापनिवेदनासाठी भाविक आले होते. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली याच शहरात क्रुसावर मेले. नागासाकी हे नाव आम्ही लहानपणापासून प्रार्थनेत ऐकत आलो. त्या शहराच्या राखेवर आभाराची प्रार्थना मला म्हणता येत नाही.

युद्ध लवकर संपलं, लाखो सैनिक वाचले, असं सांगतात. ते खरं मानलं तरी ती राजनीतीची बाजू झाली. मारल्यावर देवाला आपल्या बाजूला उभं करणं हे तिच्यापेक्षा भयंकर आहे, कारण मग पश्चात्तापाला जागाच उरत नाही.

रोमला ही जागा एकदा सापडली होती. ३९०मध्ये सम्राट थिओडोसियसच्या सैन्यानं थेसालोनिकात हजारो नागरिक कापले. मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी त्याला ख्रिस्तप्रसाद नाकारला, आणि जगाच्या त्या सर्वांत बलाढ्य माणसानं चर्चमध्ये सर्वांदेखत प्रायश्चित्त घेतलं.

अमेरिकेलाही ती जागा ठाऊक आहे. ४ मार्च १८६५ला, यादवी युद्ध जिंकत आलेलं असताना, लिंकन म्हणाले की दोन्ही बाजू एकाच देवाची प्रार्थना करतात आणि कुणाचीच पूर्ण मान्य झालेली नाही. गुलामगिरीचा दोष त्यांनी उत्तर आणि दक्षिण दोघांवर ठेवला आणि युद्धातल्या रक्ताकडे त्या पापाचा दंड म्हणून पाहिलं. विजयाच्या उंबरठ्यावर कुठल्या सत्ताधाऱ्यानं असं बोलावं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

२०१६मध्ये बराक ओबामा हिरोशिमाला गेले, मृतांसमोर उभे राहिले. माफी मागणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. उराकामीतल्या मृतांसाठी अमेरिकेनं लिंकनच्या भाषेत बोलावं, ही मागणी मी दर ऑगस्टमध्ये देवापुढे ठेवते.