दात कुणाचा, आणि पुढे?

व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला समुद्र नाही. आहेत ती डेटा सेंटरं. किनारा हवा तर गाडीने दोनेक तासांवर मेरीलँडमधले कॅल्व्हर्ट क्लिफ्स किंवा पोटोमॅकच्या काठचं वेस्टमोरलँड स्टेट पार्क गाठायचं. तिथले कडे मायोसीन या भूशास्त्रीय काळातल्या समुद्राच्या गाळाचे. ते ढासळतात आणि लाटा त्यातले शार्कचे दात वाळूत आणून टाकतात. कड्याखाली जायला आणि खणायला मनाई आहे, पण मुलांना ओली वाळू पुरते.

शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा टिकत नाही. दात मात्र जन्मभर हजारोंनी पडतात आणि गाळातल्या खनिजांनी काळे होतात. काळेपणावरून वय काढू नये. बघायची ती कड. माको शार्कच्या दाताची कड गुळगुळीत. सँड टायगरचा दात लांब, निमुळता, बाजूंना बारकी टोकं असलेला. हेमिप्रिस्टिस शार्कच्या वाकड्या दाताला करवतीसारखे जाडेभरडे दाते. पण वाळूतून काहीही उचललं की घरातल्या सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: मेगॅलोडॉन, म्हणजे तो नामशेष महाकाय शार्क का?

या प्रश्नाचा मला कंटाळा आहे, कारण उत्तर मिळालं की कुतूहल संपतं. खरी गंमत उत्तराच्या पुढे असते. १६६६ साली फ्लोरेन्समध्ये स्टेनो या शरीरशास्त्रज्ञाने एका मोठ्या शार्कचं डोकं चिरून पाहिलं. डोंगरातले ‘जिभेचे दगड’ म्हणजे असेच दात, हे त्याच्या लक्षात आलं. साम्य आधीही काहींना दिसलं होतं. अवघड होतं ते पुढचं: दात खरा मानला, तर डोंगराच्या जागी समुद्र मानावा लागतो.

आपल्याकडे सह्याद्री लाव्हाचा, त्यात समुद्री जीवाश्म कुठले मिळणार! पण देवघरात गंडकीतला शाळिग्राम असतो. तो बहुधा अमोनाइटचा, म्हणजे हिमालयाच्या जागी असलेल्या समुद्रातल्या जिवाचा. पूजेला माझी हरकत नाही. चक्र दिसलं की आपण हात जोडतो आणि हा समुद्र डोंगरावर कसा चढला, हे विचारायचं राहून जातं. मेगॅलोडॉनचंही तेच होतं, फक्त हात जोडण्याऐवजी फोटो काढतात.

म्हणून मुलाला हेमिप्रिस्टिस मिळाला तर मला जास्त आनंद होईल. त्याला बाजारात मेगॅलोडॉनचा भाव नाही. पण त्याची एक जात हिंदी महासागराच्या उबदार पाण्यात अजून जिवंत आहे. मग मेरीलँडचं पाणी तेव्हा किती उबदार असेल?