चाळीस मिनिटांच्या आत

लघुपट म्हणजे दीर्घ चित्रपटापूर्वीची उमेदवारी, हा समज जाणकार रसिकांतही इतका मुरलेला आहे की पुरस्कारासाठी नामांकन मिळालेल्या लघुपटाकडेही बहुधा दिग्दर्शकाच्या पुढील कारकिर्दीची नांदी म्हणूनच पाहिले जाते. ऑस्कर देणारी अकादमी श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतच्या कृतीला लघुपट मानते. ही मर्यादा नियमांच्या सोयीसाठी आखलेली असली, तरी तिच्या आत घडणाऱ्या कथनाची शिस्त स्वतंत्र असते. कथानकाचा विस्तार आणि पात्रांची क्रमाक्रमाने होणारी वाढ ही दीर्घ चित्रपटाची मोजमापे तिला लावली, तर लघुपट नेहमी अपुराच वाटणार.

२००५ च्या ऑस्कर सोहळ्यातील लाइव्ह-अ‍ॅक्शन लघुपटांची, म्हणजे खऱ्या माणसांना कॅमेऱ्यासमोर आणून चित्रित केलेल्या लघुपटांची, नामांकन यादी या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यातील दोन कृतींत प्रसंग जवळजवळ एकच आहे: मोठी माणसे दारूच्या गुत्त्यात बसली आहेत आणि मुले बाहेर ताटकळत आहेत. अँड्रिया अर्नोल्ड यांच्या ‘वास्प’मध्ये इंग्लंडमधील डार्टफर्डची एक एकाकी, हलाखीत जगणारी आई जुन्या ओळखीच्या पुरुषाला भेटता यावे म्हणून चार मुलांना गुत्त्याबाहेर उभे करते, तैका वैतिती यांच्या ‘टू कार्स, वन नाइट’मध्ये न्यूझीलंडमधील दोन माओरी भाऊ आणि शेजारच्या गाडीतली एक मुलगी अशाच एका गुत्त्याच्या वाहनतळावर रात्र काढतात. पहिल्या कृतीत अस्वस्थ, हाती धरलेला कॅमेरा आईच्या मागे आत-बाहेर धावतो, तिची तरुणपणाची भूक आणि मुलांची पोटाची भूक एकाच वेळी दाखवतो, आणि तान्ह्या बाळाच्या तोंडात गांधीलमाशी शिरते त्या क्षणी तोवर साचलेली सारी भीती एकवटते. दुसऱ्या कृतीत त्याच वाट पाहण्यातून, काळ्या-पांढऱ्या चित्रणात, एकमेकांना चिडवता चिडवता मैत्री जुळते आणि निरोप घेताना मुलगी मुलाला अंगठी देऊन जाते. मुलांची हेळसांड हा ‘विषय’ दोन्हीकडे सारखाच असूनही एक कृती श्वास कोंडते आणि दुसरी हळूच मन मोकळे करते, यावरून लघुपटाची थोरवी त्याच्या विषयावरून ठरवणे किती फसवे आहे ते दिसते. पुरस्कार ‘वास्प’ला मिळाला आणि तो योग्यच होता, कारण आईला दोषी ठरवण्याची किंवा तिची बाजू मांडण्याची घाई त्या २५ मिनिटांच्या आसपासच्या कृतीत कुठेच नाही.

त्याच यादीत अश्विन कुमार यांचा ‘लिटल टेररिस्ट’ही होता. क्रिकेटचा चेंडू आणायला सुरुंग पेरलेली सीमा ओलांडून भारतात आलेल्या पाकिस्तानी मुलाला राजस्थानातील एक हिंदू शिक्षक आसरा देतो, ही गोष्ट थोडी अधिकच नेटकी आहे आणि शीर्षक तिचा अर्थ आधीच सांगून टाकते. पण ओळख लपवण्यासाठी मुलाचे डोके भादरले जाते, तेव्हा धर्माची खूण किती वरवरची असते हे संवादांपेक्षा ते उघडे डोकेच अधिक नेमके सांगते.

अ‍ॅनिमेशनपटाची, म्हणजे एकेक चित्र किंवा वस्तूची एकेक स्थिती टिपून हालचालीचा भास निर्माण करणाऱ्या चित्रपटाची, प्रक्रिया नेमकी उलट्या टोकाने सुरू होते. लाइव्ह-अ‍ॅक्शनमध्ये कॅमेरा वाऱ्याने हललेली फांदी, नटाच्या पापणीची नकळत झालेली हालचाल असे पुष्कळ काही आपसूक गोळा करतो आणि दिग्दर्शकाला त्यातून वगळावे लागते. अ‍ॅनिमेशनमध्ये मात्र कोणीतरी ठरवून आणल्याशिवाय पडद्यावर काहीच येत नाही. अलेक्सांद्र पेत्रोव्ह यांनी ‘द ओल्ड मॅन अँड द सी’साठी काचेवर तैलरंग बोटांनी लावून २९ हजारांहून अधिक चित्रे केली, आणि पुढचे चित्र करण्यासाठी मागचे पुसावे किंवा बदलावे लागत असल्याने प्रत्येक चौकट छायाचित्र घेताक्षणीच नष्ट होत गेली. मायकेल दुदोक द विट यांच्या आठ मिनिटांच्या, २००१ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या ‘फादर अँड डॉटर’मध्ये संवाद नाहीत आणि पात्रांचे चेहरे जवळून दिसत नाहीत, होडीतून निघून गेलेल्या वडिलांची वाट पाहणाऱ्या मुलीचे सारे आयुष्य तिच्या सायकलीवरून कळते. लहानपणी ती वाऱ्याविरुद्ध जोर लावून पायडल मारते, तरुणपणी मैत्रिणींबरोबर सहज पुढे निघून जाते, आणि म्हातारपणी तिने उभी केलेली सायकल पुन्हा पुन्हा आडवी पडते. म्हातारपण दाखवण्यासाठी सुरकुत्या काढणे सोपे होते. पडणारी सायकल निवडणे ही खरी प्रतिभा आहे, आणि अ‍ॅनिमेशनचा आस्वाद घेताना पडद्यावर जे मुद्दाम आणले गेले आहे त्यामागची अशी निवड ओळखणे हेच प्रेक्षकाचे पहिले काम ठरते.

नामांकित लघुपट चित्रपटगृहात सलग एकामागून एक दाखवण्याची पद्धत रूढ झाल्याने ते अधिक लोकांपर्यंत पोचले हे खरे, पण अशा सलग पाहण्यात मुलांच्या दुःखाचा किंवा युद्धाचा मोठा आशय उघडपणे मांडणारी कृती शांत कृतीला झाकून टाकते. नामांकनांचा अशा आशयाकडे असलेला कल त्यामुळे आणखी ठळक होतो आणि प्रेक्षकही नकळत ‘कोणता प्रश्न मोठा’ याच निकषावर तुलना करू लागतो. मुंबईच्या गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ हा एका एकाकी वृद्धेची, तिच्या मांजराची आणि काड्यापेट्यांवरच्या रंगीत चित्रांतून उघडणाऱ्या तिच्या जगाची, हाताने रंगवलेली गोष्ट सांगतो. २००६ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात त्याचा गौरव झाला, पण ऑस्करच्या पाच नामांकनांत त्याला जागा मिळाली नाही. राखाडी खोली आणि रंगीत वेष्टने यांमधला फरक हाच त्यातला सारा संघर्ष आहे आणि तो टिपायला प्रेक्षकाला दोनदा पाहण्याइतकी सवड लागते. ती सवड काढणे लघुपटाच्या बाबतीत सर्वांत सोपे आहे, कारण ‘प्रिंटेड रेनबो’ची लांबी जेमतेम १५ मिनिटे आहे.