उलथणं

पेणच्या रामवाडीत एका मूर्तिकाराचा कारखाना होता. त्याची नात पवईच्या आयआयटीत डिझाइन शिकायची. तिथेच शिकलेल्या प्रणव मिस्त्रीने २००९ साली बोटांना रंगीत टोपणं लावून, हवेतल्या खुणांनी कॉम्प्युटर चालवून दाखवला होता. ते तिच्या मनात भरलेलं. सुट्टीत तिने एक चष्मा आणला. तो घातला की रिकाम्या पाटावर गणपती दिसे आणि समोर हवेत यादी तरंगे: आसन, उंची, मुकुट, पितांबराचा रंग. बोट लावलं की निवड झाली.

आजोबांचं बोट शाडूने माखलेलं. चष्म्याला ते ओळखूच येईना. वडखळहून आलेल्या काकूंचे हात वर धरून धरून भरून आले. “अगं, बोट लागलं की नाही, कळायचं कसं?” म्हणत त्यांनी चष्मा काढला, आणि मांडणीवरची मूर्ती दाखवून “हीच द्या” म्हणाल्या.

नात हिरमुसली. आजोबा काही बोलले नाहीत, रंगवत राहिले. त्यांची नजर मूर्तीवर आणि हात आपोआप हव्या त्या करवंटीत. पिवळा डावीकडे, केशरी त्याच्या शेजारी, वर्षानुवर्षं.

ते बघताना तिला अभ्यासातलं एक जुनं काम आठवलं. जपानच्या हिरोकाझु कातो आणि सहकाऱ्यांनी २००० साली फर्निचरचं एक पुस्तक केलं होतं. हातात दांडीची एक चपटी पट्टी, तिच्यावर काळी चौकट; चौकट पूर्ण दिसली की चष्म्याला पट्टी ओळखू येई. चष्म्यातून पानावर दिसणारी खुर्ची त्या पट्टीने उचलायची आणि तिरकी करून छोट्या खोलीत सोडायची. आजीने हे ऐकलं आणि स्वयंपाकघरातून उलथणं आणून दिलं. इतक्या नेमक्या मदतीला संशोधन म्हणायला हरकत नाही.

नातीने उलथण्यावर चौकट चिकटवली, करवंट्यांवरही. उलथणं करवंटीला टेकवलं की रंग चिकटे, मूर्तीवर धरलं की पितांबर रंगे, झटकलं की जाई. पाट फिरवला की देव फिरे. पण अंगठा चौकटीवर आला की रंग गायब!

“मूर्तीचे डोळे आखताना कुंचला टोकाशी धरलास तर तुझीच बोटं ते झाकतील,” आजोबा म्हणाले. “मागे धर.”

दांडी मागून धरल्यावर काकूंनाही जमलं. नातीला हुरूप आला. आता चोवीस रंग हवेत, म्हणाली.

“मांड टेबलावर.”

मावेनात. “मग चष्म्यातच एकाखाली एक ठेवते.”

“आणि काकूंना खालचे दिसणार कसे?”

शेवटी सात करवंट्या राहिल्या. चमकीची आजोबांनी उचलली, तेव्हा मात्र ती भांडली. चमकी राहिली, गुलाबी गेला.